सल्लागार समितीवर कोण बसणार, हे न्यायालय तपासू शकतं का?

रानजाई

नमस्कार मंडळी,

एखादं धोरण किंवा प्रकल्प आपल्यापर्यंत येतो तेव्हा त्यावर 'तज्ज्ञ समितीच्या शिफारशीनुसार' असं लिहिलेलं असतं. मग आपण शिफारशीवर भांडत बसतो. समितीत कोण होतं, त्यांना कोणी नेमलं, कोणाला मुद्दाम वगळलं, हे विचारायला उशीर झालेला असतो. मला वाटतं खरा निर्णय नेमणुकीच्या आदेशातच होऊन जातो, आणि कायद्याची नजर नेमकी तिथेच सगळ्यात कमी पोहोचते. म्हणून हा धागा.

माझं काम वन्यजीव क्षेत्रातलं, त्यामुळे तिथलंच उदाहरण घेते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ५अ नुसार राष्ट्रीय वन्यजीव मंडळ असतं. पंतप्रधान अध्यक्ष. मंत्री, खासदार आणि अधिकारी यांच्याशिवाय स्वयंसेवी संस्थांचे पाच प्रतिनिधी आणि दहा नामवंत संवर्धनतज्ज्ञ किंवा पर्यावरणतज्ज्ञ असले पाहिजेत, असं कायद्यातच लिहिलंय. म्हणजे सरकारबाहेरची पंधरा माणसं. जुलै २०१४ मध्ये मंडळाची फेररचना झाली तेव्हा पाच संस्थांच्या जागी एकच संस्था आली, तीही गुजरात सरकारनेच उभारलेली, आणि दहा तज्ज्ञांच्या जागी दोन. ऑगस्टमध्ये मंडळाच्याच छोट्या स्थायी समितीची बैठक होऊन अभयारण्यांतल्या आणि त्यांच्या लगतच्या प्रकल्पांचे प्रस्ताव भराभर हातावेगळे झाले. एका कार्यकर्त्याने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस न्यायालयाने त्या निर्णयांच्या अंमलबजावणीला अंतरिम स्थगिती दिली.

हे शक्य झालं कारण कायद्यात आकडा होता. पाच म्हणजे पाच, दहा म्हणजे दहा. न्यायाधीशांना वन्यजीवशास्त्रात शिरावंच लागलं नाही.

आकडा नसता तर काय झालं असतं? बहुतेक समित्यांच्या बाबतीत तो नसतोच. कायदा जाणणाऱ्यांनी यावर लिहावं ही विनंती.

जुना वकील

रानजाई, चांगला विषय काढलात. थोडं सविस्तर लिहितो.

समित्या ढोबळमानाने दोन जातीच्या. एक, कायद्याने किंवा नियमांनी स्थापन झालेल्या. दुसऱ्या, नुसत्या शासन निर्णयाने नेमलेल्या. पहिल्या प्रकारात रचना कलमात असते, त्यामुळे ती मोडली तर उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली परमादेश, म्हणजे 'कायद्याप्रमाणे करा' असा सरकारला हुकूम, मागता येतो. दुसऱ्या प्रकारात सरकार म्हणतं, आम्हाला कोणाचा सल्ला घ्यायचा ते आम्ही ठरवू. अनुच्छेद १४ खाली मनमानीचा मुद्दा मांडता येतो, पण मोजायला पट्टीच नसल्यामुळे न्यायालय सहसा हात घालत नाही. २०२० साली गृह मंत्रालयाने फौजदारी कायद्यांच्या सुधारणेसाठी समिती नेमली. सुरुवातीचे पाचही सदस्य पुरुष. देशभरातल्या वकिलांनी, निवृत्त न्यायाधीशांनी लेखी आक्षेप घेतले की यात महिला नाहीत, दलित-आदिवासी नाहीत, कनिष्ठ न्यायालयांत रोज उभं राहणारं कोणी नाही. आक्षेप रास्त होते. पण 'अमुक कलमाचा भंग झाला' असं म्हणायला कलमच नव्हतं.

पहिल्या प्रकारातही एक खाच आहे. जवळजवळ प्रत्येक कायद्यात शेवटी एक कलम असतं की केवळ जागा रिक्त होती किंवा रचनेत दोष होता म्हणून मंडळाची कृती अवैध ठरणार नाही. हेतू चांगला आहे. एखादा सदस्य वारला, कोणी राजीनामा दिला तर काम अडू नये. पण सरकारी वकील हेच कलम पुढे करून अख्खा गट वगळल्याचंही समर्थन करतात. रिक्त झालेली जागा वेगळी आणि कधी भरलीच नाही ती जागा वेगळी, हे न्यायालयाला पटवून द्यावं लागतं. २०१४ च्या प्रकरणात हा फरक ढळढळीत होता, म्हणून स्थगिती मिळाली.

तिसरी गोष्ट हितसंबंधांची. इथे मात्र न्यायालयांचा हात जुना आणि भक्कम आहे. ए. के. क्रैपक विरुद्ध भारत सरकार, १९६९. जम्मू-काश्मीरच्या वन अधिकाऱ्यांमधून भारतीय वनसेवेसाठी निवड करायची होती. निवड मंडळावरचा एक अधिकारी स्वतःच उमेदवार. स्वतःच्या नावाची चर्चा चालू असताना तो उठून गेला, पण प्रतिस्पर्ध्यांच्या नावांच्या वेळी बसून होता. सरकारचा युक्तिवाद असा की मंडळ फक्त शिफारस करतं, अंतिम निर्णय दुसरीकडे होतो. न्यायालयाने तो मानला नाही. शिफारशीचं वजन पुढच्या निर्णयावर पडतंच, त्यामुळे शिफारस करणाराही निःपक्षपाती हवा, असं ठरलं आणि निवड रद्द झाली.

सल्लागार समित्यांच्या सगळ्या वादांत मला हाच निकाल सर्वांत उपयोगी वाटतो.

कोरडवाहू

वकीलसाहेब, मग २०२१ ला काय झालं? १२ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने तीन कृषी कायद्यांना स्थगिती दिली आणि चौघांची समिती नेमली. चौघांनीही त्याआधी कायद्यांच्या बाजूने जाहीर मत मांडलेलं होतं. आंदोलनातल्या संघटनांनी सांगितलं की आम्ही या समितीपुढे जाणार नाही. चौघांपैकी भूपिंदरसिंग मान स्वतःच बाहेर पडले. उरलेल्यांत शेतकरी संघटनेचे आपले अनिल घनवटही होते. मी शेतकरी संघटनेच्या विचाराचा आहे, घनवटांबद्दल मला आदर आहे, आणि त्यांच्या बऱ्याच मतांशी मी सहमत आहे. तरीही सांगतो, एकाच बाजूची चार माणसं नेमायला नको होती. ज्यांना कायदे नको होते त्यांच्यातलं कोणी बसलं असतं तर अहवालाला वजन आलं असतं. आमच्याच बाजूचं नुकसान झालं त्यात.

समितीने मार्च २०२१ मध्ये अहवाल बंद पाकिटात दिला. तो न्यायालयाने खुला केला नाही. नोव्हेंबरात कायदे मागे घेतले गेले, आणि घनवटांनी स्वतः २०२२ च्या मार्चमध्ये अहवाल लोकांसमोर ठेवला. एवढा खटाटोप कोणाच्या उपयोगाला आला?

जुना वकील

कोरडवाहू, अचूक बोट ठेवलंत. सदस्यांवर आक्षेप आले तेव्हा २० जानेवारीच्या सुनावणीत खंडपीठाचं म्हणणं असं होतं की समितीला निवाडा करायचा अधिकार नाही, ती लोकांचं ऐकून आम्हाला अहवाल देणार, मग पक्षपाताचा प्रश्न येतोच कुठे. ते तोंडी निरीक्षण होतं, निकालाचा भाग नव्हे. पण १९६९ च्या तत्त्वाशी ते जुळत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. नुसता अहवाल देणाऱ्या समितीला पक्षपाताचा नियम लागत नसेल तर देशातल्या एकाही सल्लागार समितीला तो लागणार नाही.

एक फरक मात्र ध्यानात ठेवा. वैयक्तिक लाभ वेगळा आणि आधीच बनलेलं मत वेगळं. क्रैपकमध्ये पहिला प्रकार होता. दुसऱ्या प्रकारात सदस्याला अपात्र ठरवता येत नाही, नाहीतर विषयातला जाणकार एकही उरणार नाही. मतं असलेली माणसं नेमा, फक्त सगळी एकाच मताची नेमू नका. नेमकं हेच सांगणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही.

अभिजित_प

थोडा विरोधी सूर लावतो. मी विषविज्ञानात काम करतो. अन्नातल्या एखाद्या रसायनाची सुरक्षित मात्रा किती, हे ठरवायला प्रतिनिधी कशाला हवेत? उद्योगाचा एक, ग्राहकांचा एक, शेतकऱ्यांचा एक अशी मोट बांधली तर सौदेबाजी होईल, विज्ञान होणार नाही. प्रत्येक समितीला 'समतोल' हवा म्हणणं धोक्याचं आहे. ज्या बाजूला पुरावाच नाही तिलाही खुर्ची द्यायची का?

रानजाई

अभिजित, मुद्दा मान्य, आणि गंमत म्हणजे कायदाही तुमच्याच बाजूने आहे. अन्नसुरक्षा आणि मानके कायदा, २००६, कलम १३ : वैज्ञानिक पॅनेलवर स्वतंत्र वैज्ञानिक तज्ज्ञ असावेत. प्रत्यक्षात काय झालं? शीतपेयं आणि पाकीटबंद खाद्यपदार्थ बनवणाऱ्या कंपन्यांची माणसं त्या पॅनेलवर होती. शीतपेयांबद्दलच्या जनहित याचिकेत हे समोर आलं आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पॅनेलं नव्याने, स्वतंत्र तज्ज्ञांची बनवायला सांगितलं. म्हणजे 'विज्ञानाची समिती' असं नाव दिल्याने हितसंबंध बाहेर राहत नाहीत. उलट ते नावामागे लपतात.

खाणींचंही तेच. गोव्यातल्या एका खाणीच्या पर्यावरण मंजुरीवर दिल्ली उच्च न्यायालयात खटला चालला, उत्कर्ष मंडळ विरुद्ध भारत सरकार, २००९. तेव्हा दिसलं की खाण प्रकल्प तपासणाऱ्या तज्ज्ञ मूल्यांकन समितीचे अध्यक्ष स्वतः खाण कंपन्यांच्या संचालक मंडळांवर होते. न्यायालयाने नापसंती नोंदवली.

माझं म्हणणं इतकंच की तज्ज्ञांची समिती असेल तर स्वातंत्र्य तपासा, प्रतिनिधींची असेल तर प्रतिनिधित्व तपासा. कोणती कुठली, हे नेमणूक करतानाच लिहून टाका. आज दोन्हींची सरमिसळ करून सोयीनुसार उत्तर दिलं जातं.

अभिजित_प

हे पटलं. समितीचं स्वरूप आधी जाहीर करणं, यावर माझी हरकत नाही.

मीनल दि.

मी गेली बरीच वर्षं कामगार संघटनेत आहे. एका उद्योगाच्या किमान वेतनाच्या समितीवर कामगारांची प्रतिनिधी म्हणून बसले होते, म्हणून आतून काय दिसतं ते सांगते.

किमान वेतन कायदा, १९४८ च्या कलम ९ मध्ये रचना कागदावर उत्तम होती. मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान, स्वतंत्र व्यक्ती एकूण सदस्यांच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त नाहीत, आणि अध्यक्ष त्या स्वतंत्रांपैकी. पण दोन्हीकडच्या प्रतिनिधींना नेमतं कोण? सरकारच. माझ्या शेजारी 'कामगार प्रतिनिधी' म्हणून बसलेल्या गृहस्थांना आमच्या धंद्यातल्या एकाही कामगाराने कधी पाहिलेलं नव्हतं. संख्या समान होती, पण मतदानात आमच्या बाजूचे हात मोजकेच वर जायचे.

बैठकीची पद्धत अशी. कार्यसूची आदल्या संध्याकाळी हातात पडायची. दाराशी हजेरीपटावर सही. चहा. मग तयार तक्ता पडद्यावर. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने ठरवलेले निकष आहेत : कुटुंबात तीन उपभोग एकक (म्हणजे तीन प्रौढांइतका खप), माणशी २७०० उष्मांक, वर्षाला ७२ वार कापड, वर घरभाडं आणि इंधन. सर्वोच्च न्यायालयाच्या रेप्टाकॉस ब्रेट प्रकरणातल्या १९९१ च्या निकालाने त्यात शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के धरायला सांगितलं. मी विचारलं की तक्त्यातलं घरभाडं कोणत्या सालचं, आणि ते २५ टक्के कुठे आहेत. उत्तर मिळालं, पुढच्या वेळी पाहू. पुढच्या वेळी मागच्या बैठकीचं इतिवृत्त आलं, त्यात 'चर्चेअंती सर्वानुमते मान्य'. मी तिथेच उभी राहून म्हटलं की माझा विरोध नोंदवा, त्याशिवाय सही करणार नाही. अध्यक्षांनी हाताने एक ओळ घालून दिली. तेवढी एक ओळ मिळवायला अर्धी बैठक गेली.

समितीवर असणं आणि समितीत ऐकलं जाणं यात इतकं अंतर असतं. न्यायालय पहिलंच कसंबसं तपासतं, दुसरं कोण तपासणार?

जुना वकील

मीनलताई, तुमच्या विषयावर एक निकाल आहे, आणि तो आपल्याला अडचणीचा आहे. टिफिन्स बेरायटीज प्रकरण, १९८५. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किमान वेतनाच्या अधिसूचनेत समितीच्या रचनेतल्या बारीकसारीक त्रुटींवरून सहजासहजी ढवळाढवळ करू नये, आणि सरकारी अधिकारी सरकारी नोकरीत आहे एवढ्यावरून तो 'स्वतंत्र व्यक्ती' नाही असं होत नाही. यामागचं कारणही समजून घ्या. अशा याचिका बहुतेक वेळा मालकच करायचे. रचनेत खोट काढायची, अधिसूचना अडकवायची, आणि तोवर जुनंच वेतन द्यायचं. न्यायालयाने कामगारांच्या हितासाठीच तो दरवाजा अरुंद केला.

म्हणून 'रचनेत चूक की सगळं रद्द' असा सरसकट नियम मी मागणार नाही. त्याचा फायदा नेहमी ज्याच्याकडे वेळ आणि पैसा आहे त्यालाच होतो. रचना सुरुवातीलाच तपासली जावी.

मीनल दि.

हे कारण माहीत आहे, आम्ही भोगलंय ते. आता वेतन संहिता लागू झाली आहे, नोव्हेंबर २०२५ पासून. तिच्यातल्या सल्लागार मंडळात एक-तृतीयांश सदस्य महिला हव्यात अशी तरतूद आहे. चांगलंच आहे. नामनिर्देशन मात्र अजूनही सरकारच्याच हाती.

याउलट पथविक्रेता कायदा, २०१४ बघा. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या, त्यातल्या एक-तृतीयांश महिलांच्या, आणि हे प्रतिनिधी विक्रेत्यांनी आपसांत निवडून द्यायचे. निवडणुका रखडतात, मतदार याद्यांवरून भांडणं होतात, सगळं खरं. पण जो बसतो तो कोणाला तरी उत्तर द्यायला बांधील असतो.

सातासमुद्रापार

अमेरिकेत सर्वसाधारण कायदा आहे, १९७२ सालचा फेडरल सल्लागार समिती कायदा. समितीत मांडल्या जाणाऱ्या दृष्टिकोनांचा रास्त समतोल हवा, बैठकांची सूचना आधी जाहीर व्हावी, त्या साधारणपणे खुल्या असाव्यात, कागदपत्रं लोकांना पाहता यावीत, हे सगळं त्यात आहे. तरी न्यायालयांची दमछाक तिथेही होते. १९८९ मध्ये अन्नातल्या सूक्ष्मजीवांबद्दलच्या एका सल्लागार समितीवर ग्राहक संघटनांनी दावा लावला की आमचं कोणीच नाही. वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयात तीन न्यायाधीशांनी तीन मतं दिली. एक म्हणाले की 'रास्त समतोल' मोजायला न्यायालयाकडे मापच नाही, दुसरे म्हणाले की माप आहे आणि ही समिती त्यात बसते, तिसरे म्हणाले की बसत नाही. दावा फेटाळला गेला.

उलट २०२० मध्ये पोलीस यंत्रणेबद्दल राष्ट्राध्यक्षांच्या आदेशावरून नेमलेल्या आयोगात सगळे सदस्य कायदा-सुव्यवस्थेच्या यंत्रणेतलेच होते. नागरी हक्क संघटनेच्या दाव्यावर जिल्हा न्यायालयाने समतोलाचा भंग झाल्याचं ठरवून काम थांबवायला लावलं. पुढे अहवाल आला तो या कायद्याचं पालन झालेलं नाही अशा लेखी सूचनेसह. हा उपाय मला फार आवडला. अहवाल जाळला नाही, पण वाचणाऱ्याला तो कोणी लिहिलाय ते कळलं.

कोरडवाहू

अशी सूचना आपल्याकडच्या प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर हवी.

वाटसरू

परवापर्यंत मला हे तांत्रिक वाटायचं. माझा भाऊ चाकाच्या खुर्चीत असतो, म्हणून दिव्यांग हक्क कायदा, २०१६ वाचला. केंद्रीय आणि राज्य सल्लागार मंडळांवर संस्थांच्या प्रतिनिधींच्या दहा जागा, त्यात किमान पाच महिला, अनुसूचित जाती आणि जमातीची प्रत्येकी किमान एक व्यक्ती. मात्र हे दहा जण स्वतः दिव्यांग असावेत ही अट 'शक्य असेल तिथवर' एवढीच आहे. ज्यांच्यासाठी मंडळ, त्यांच्याच बाबतीत कायदा सैल. हे बदलायला हवं. दिव्यांग कार्यकर्ते मिळत नाहीत असं कोणी सांगितलं तर मी गावोगावची नावं देईन.

अभिजित_प

वक्फ सुधारणा कायद्याबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा अंतरिम आदेशही इथे लागू होतो ना? सप्टेंबर २०२५, केंद्रीय वक्फ परिषदेत २२ पैकी चारपेक्षा जास्त आणि राज्य मंडळात ११ पैकी तीनपेक्षा जास्त बिगरमुस्लिम सदस्य नकोत.

जुना वकील

होय. न्यायालय समितीच्या रचनेत आकड्यानिशी हस्तक्षेप करू शकतं, याचं ते ताजं उदाहरण आहे. त्या कायद्याच्या गुणदोषांसाठी वेगळा धागा काढा, इथे रचनेपुरतंच बोलू.

रानजाई

सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी जोडते.

एक, वन्यजीव मंडळाची पुढची हकीकत. पूर्ण मंडळ २०१२ नंतर भरलं ते थेट ३ मार्च २०२५ ला, सासण गीरमध्ये. मधली सगळी वर्षं प्रकल्पांचे निर्णय छोट्या स्थायी समितीने घेतले. म्हणजे न्यायालयात आपण मंडळातल्या जागांसाठी लढलो आणि काम दुसऱ्या खोलीत चालू राहिलं. मीनलताईंनी सांगितलेलं अंतर हेच. त्यामुळे कायद्यात फक्त सदस्यसंख्या लिहून भागणार नाही. किती काळात बैठक झालीच पाहिजे, आणि उपसमितीतही प्रत्येक गटाचं कोण असेल, हेही लिहावं लागेल.

दोन, आपल्या हातात आज काय आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ख) च्या आठव्या उपखंडानुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या सल्ल्यासाठी नेमलेली मंडळं, परिषदा, समित्या यांचं विवरण कोणी न मागता प्रसिद्ध करायचं असतं. त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का आणि इतिवृत्त पाहायला मिळतं का, हेही सांगायचं असतं. पश्चिम घाटावरचा गाडगीळ समितीचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये सादर होऊनही दाबून ठेवला होता. तो २०१२ मध्ये बाहेर आला तो केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशामुळे, जो दिल्ली उच्च न्यायालयाने कायम केला.

वकीलसाहेब, एखाद्या समितीची रचना खटकली तर नेमकं काय मागायचं आणि कधी?

जुना वकील

समिती नेमल्याचं कळताच, पहिल्या बैठकीच्या आधी. अहवाल आल्यावर गेलात तर न्यायालय पहिला प्रश्न विचारेल की इतके दिवस कुठे होतात.

माहिती अधिकारात चार गोष्टी मागा. नेमणुकीचा आदेश. ज्या टिप्पणीवर तो निघाला ती नस्ती (फाईल), म्हणजे कोणाची नावं विचारात घेतली आणि का गाळली ते दिसेल. सदस्यांनी हितसंबंधांबद्दल दिलेली निवेदनं, आणि दिली नसतील तर तसं लेखी उत्तर. कार्यकक्षा.

सोबतच समिती नेमणाऱ्या खात्याला निवेदन पाठवा, पोचपावतीसह. त्यात कोणता गट वगळला गेलाय, या विषयाचा त्या गटावर थेट परिणाम कसा होतो, आणि कोणती नावं सुचवता ते स्पष्ट लिहा. परमादेश मागताना 'आधी मागणी केली आणि ती नाकारली' हे दाखवावं लागतं. संघटनेच्या लेटरहेडवर ठराव जोडलात तर अधिक बरं. याचिकेत अख्खी समिती रद्द करा असं पहिल्याच दमात मागू नका. वगळलेल्या गटाची जागा भरा आणि ती भरेपर्यंत शिफारस पुढे पाठवू नका, एवढंच मागा. हे द्यायला न्यायालयाला जड जात नाही.

मीनल दि.

आणि आत बसलेल्यांनी भिन्नमतपत्रिका स्वतः टाइप करून न्यावी, दोन प्रती, एकीवर आवक क्रमांक घेऊन. इतिवृत्तातल्या ओळीवर विसंबू नये. वकीलसाहेब, नस्तीसाठीच्या अर्जाचा मसुदा इथेच टाकाल का? आमच्या उद्योगाची नवी समिती लवकरच नेमली जाणार आहे, त्यासाठी लागेल.

जुना वकील

आज रात्री टाकतो.